दहावी कमांड

१ सप्टेंबर, सोमवार. संध्याकाळ, परतीच्या गाडीत

आजपासून रोजनिशी. मोठी माणसं ठेवतात. पुढे कोणी विचारलं की हे सगळं कधी सुरू झालं, तर तारीख हाताशी हवी.

बातमी अशी : गिंडीच्या हेड ऑफिसात 'ऑटोमेशन लीड' नावाची नवी पोस्ट निघाली आहे. आमच्या गुम्मिडिपूंडीच्या प्लांटमधून एकच नाव जाणार. ते पाठवणार आमचे डिस्पॅच मॅनेजर कृष्णस्वामी राव. मुदत १० ऑक्टोबर.

मी राहतो तांबरमला. तिथून गिंडी अर्धा तास. गुम्मिडिपूंडीला मात्र पहाटे पाचची गाडी, बीच स्टेशनला उतरून दुसरी गाडी, पुढे कंपनीची व्हॅन, तेव्हा कुठे साडेसातला टेबल दिसतं. सहा वर्षं चाललंय हे. घर तांबरमला का? तर सुष्मिताचं कॉलेज तिथे आहे. बायको चालत कामाला जाते आणि नवरा चेन्नईच्या या टोकापासून त्या टोकाच्याही पुढे. याला संसार म्हणतात.

ठरलं. गिंडी माझी.

२ सप्टेंबर, मंगळवार

डिस्पॅच ऑफिसात टेबलं दोन. एक माझं, सीनियर एक्झिक्युटिव्हचं. दुसरं पी. विद्यालक्ष्मीचं. ती नेमकं काय करते हे आज सहा वर्षांत पहिल्यांदा बसून पाहिलं.

साडेसातला काळी विंडो उघडते. एक कमांड टाइप करते. थांबते. मशीननं काय उत्तर दिलं ते वाचते. एका लांबट वहीत टिक करते, शेजारी वेळ लिहिते. मग दुसरी कमांड. अशा नऊ. पहिलीनं ओरगडमच्या कस्टमरची ऑर्डर उतरते, मधल्या कमांडांनी आमच्या प्लांटात बनणाऱ्या गास्केटांची लेबलं आणि गेटपास छापले जातात, नववीनं 'माल निघाला' अशी मेल जाते. नऊ दहाला ट्रक सुटतो. या नऊ ओळींना एक तास दहा मिनिटं. सुष्मिता एवढ्या वेळात दोन डबे आणि एक भांडण उरकते.

विचारलं, सगळ्या एकदम का नाही टाकत. म्हणाली, मशीन काय सांगते ते ऐकून मग पुढे जायचं, सार.

म्हणजे मशीन सांगणार आणि ही ऐकणार. मी इंग्रजीत म्हणालो, व्हेरी गुड. मराठीत, तिच्यासमोरच, शांत आवाजात म्हणालो, बसल्या जागी पगार खाते म्हैस. या गावात मराठीचा हाच एक फायदा. मनातलं मोठ्यानं बोलता येतं.

पी म्हणजे काय ते माहीत नाही. इथे आडनाव नसतं, नुसती इनिशियल असते, आणि ती कोणी विचारत बसत नाही.

६ सप्टेंबर, शनिवार

पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकायला घेतली. ऑनलाइन कोर्स, बारा तासांचा. दुप्पट वेगानं पाहतो, म्हणजे सहा. 'चुका कशा हाताळाव्यात' हा धडा सोडला. चुका करणाऱ्यांसाठी आहे तो.

मला हवं ते चौथ्या धड्यात मिळालं. पायथनमधून बाहेरची कमांड चालवता येते. os.system म्हणायचं, कंसात कमांड लिहायची, की पायथन हुकूम सोडतो आणि मशीन मुकाट्यानं राबतं. असा नोकर या चेन्नईत मला माणसांत मिळाला नाही.

कोर्सचा मास्तर म्हणाला, प्रत्येक कमांड संपताना एक आकडा परत देते. शून्य आला तर सगळं ठीक. दुसरं काहीही आलं तर गडबड. शून्य म्हणजे यश. हे ज्यानं ठरवलं त्याचे शाळेतले मार्क कळतातच. आकड्याकडे बघायचं नाही असं ठरवलं.

१० सप्टेंबर, बुधवार

ऐतिहासिक दिवस. स्क्रिप्ट तयार. अकरा ओळी. नऊ कमांडांच्या नऊ, वर एक, आणि शेवटी 'सर्व यशस्वी' असं छापणारी एक. ही शेवटची ओळ मी स्वतः सुचून लिहिली, तिला कसलीही अट नाही.

सात एकतीसला चालवली. चाळीस सेकंदांत 'सर्व यशस्वी'. खुर्ची मागे घेऊन कॉफी प्यालो.

विद्यालक्ष्मीनं लेबलं उचलून पाहिली आणि सरळ कचऱ्यात टाकली. मग पुन्हा पहिल्यापासून स्वतः टाइप करायला बसली. म्हणाली, कस्टमरकडचा पासवर्ड काल संपला, ऑर्डर उतरलीच नाही, ही लेबलं कालचीच आहेत.

पासवर्ड संपला हा पासवर्डचा दोष. स्क्रिप्टनं आपलं काम चोख केलं. कामात मत्सर शिरला की असं होतं.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

स्क्रिप्टमध्ये कॉमेंट लिहायची सोय असते. मशीन त्या वाचत नाही, माणसानं माणसासाठी लिहायच्या. मी माझ्यासाठी लिहिल्या. आमच्या मशीनवर देवनागरीचे नुसते चौकोन दिसतात, म्हणून मराठीच पण इंग्रजी अक्षरांत.

ओळ तीनवर : हे काम एक बाई पंधरा मिनिटं चघळते. ओळ पाचवर : रावांना हे समजावणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. ओळ सातवर : म्हशीला रजा. ओळ नऊवर : गिंडी.

लिहून फार हलकं वाटलं. दर दोन दिवसांनी एखादी वाढवायची असा संकल्प केला.

१५ सप्टेंबर, सोमवार

कस्टमरच्या फोल्डरच्या नावात मध्ये एक मोकळी जागा आहे. स्क्रिप्टनं त्याची दोन नावं समजून दोन फोल्डर शोधले. एकही मिळाला नाही. 'सर्व यशस्वी' आलंच.

विद्यालक्ष्मी म्हणाली, नावाला अवतरणचिन्हं घाला सार, सरळ होतं. तिचं का ऐकू? कस्टमरला अधिकृत मेल लिहिली की आपल्या नावातली मोकळी जागा काढून टाकावी, आमच्या ऑटोमेशनला अडथळा होतो. उत्तर नाही. या लोकांना प्रगती नको असते.

संध्याकाळी कोणी नसताना अवतरणचिन्हं घातली. माझ्याच डोक्यातली कल्पना होती, आधी सुचली होती.

१७ सप्टेंबर, बुधवार

कळलं की os.system आता जुनं झालं. सुशिक्षित लोक subprocess वापरतात. त्यात प्रत्येक कमांडपुढे check लिहायचं असतं. check=True लिहिलं तर ती कमांड फसताच सगळी स्क्रिप्ट तिथल्या तिथे थांबते. check=False लिहिलं तर ती फसो की पास होवो, गाडी पुढे चालू. मास्तर म्हणाला, ज्याचं झालं काय आणि न झालं काय, कोणाला फरक पडत नाही, त्यालाच False लावा. उदाहरण दिलं : काम संपल्यावर टिंग असा आवाज करणारी कमांड.

सकाळी सगळ्यांना True लावून पाहिलं. स्क्रिप्ट दुसऱ्या ओळीवर थांबली. पुन्हा चालवली, पुन्हा तिथेच. असं चौदा वेळा. मग नऊच्या नऊ False केल्या. एकदम सुरळीत.

नाचता येईना अंगण वाकडं अशातली ही True. शिस्तीच्या नावाखाली नुसती अडवणूक.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

आणखी एक शोध. कमांड सोडून तिची वाटच न पाहण्याची सोय आहे. नऊही एकदम सोडल्या. तीन सेकंद. जगात कुठे एवढ्या वेगानं डिस्पॅच होत असेल असं वाटत नाही.

ऑर्डर यायच्या आधीच माल निघाल्याची मेल गेली. कस्टमरच्या माणसानं फोन केला तेव्हा विद्यालक्ष्मीनं तमिळमध्ये पाच मिनिटं बोलून त्याला शांत केलं. काय बोलली कळलं नाही. दोनदा 'सार' आणि एकदा 'पैत्तियम' ऐकू आलं. म्हणजे वेड. कस्टमर वेडा आहे हे तिलाही पटलं तर.

पुन्हा वाट पाहणारी पद्धत ठेवली आहे. तात्पुरती. कस्टमरची झेप तेवढी नाही.

२२ सप्टेंबर, सोमवार

स्क्रिप्ट तीन तास एकाच ठिकाणी उभी. मी सगळ्यांना सांगितलं, ती विचार करते आहे.

विद्यालक्ष्मीनं मागून वाकून पाहिलं आणि म्हणाली, मशीननं प्रश्न विचारलाय सार, वाय की एन, तुमच्या उत्तराची वाट बघतंय ते. खरंच होतं. जुनी लेबलं पुसू का, वाय म्हणजे हो, एन म्हणजे नाही, असं विचारत होतं. तीन तास. नोकरानं मालकाला प्रश्न विचारायचे नसतात.

दुपारी बंदोबस्त केला. आता कोणत्याही कमांडनं काहीही विचारलं की स्क्रिप्टच परस्पर वाय म्हणून टाकते. पुसू का, वाय. छापू का, वाय. खात्री आहे का, वाय. विद्यालक्ष्मीनं विचारलं, पण कशाला वाय म्हणतोय ते कोण वाचणार? मी मराठीत म्हणालो, तुझं श्राद्ध वाचेल. मग स्मित केलं. तीही हसली. बिचारी.

२४ सप्टेंबर, बुधवार

रावांना प्रेझेंटेशन दिलं. चौदा स्लाइड. शेवटच्या स्लाइडवर मोठ्या अक्षरांत : डिस्पॅचसाठी लागणारी माणसं, शून्य. खाली बारीक अक्षरांत : लीड, एक.

राव तंजावूरचे. घरात मराठी बोलतात, पण ती दोन-तीनशे वर्षांपूर्वी पेटीत घालून ठेवलेली आणि वरून तमिळ हेल लावलेली. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, गिरीधरराव, आज्ञा करणें सोपें आहे हो, आज्ञेचें काय झालें तें कोण पाहतो? मी म्हणालो, पाहायची गरजच उरलेली नाही, हाच तर मुद्दा आहे. मग विचारलं, ऑर्डर आलीच नाही तर तुमचें तें काय करतें? मी म्हणालो, उद्या सांगतो.

गाडीत सोडवलं. पहिल्या कमांडचं उत्तर शून्य नसेल, तर दर पाच मिनिटांनी नऊच्या नऊ पुन्हा पहिल्यापासून. ऑर्डर मिळेपर्यंत. मी हार मानणारा माणूस नाही आणि माझी स्क्रिप्टही नाही.

चार दिवस सलग बरी चालली की राव माझंच नाव लिहिणार. लिहून ठेवतो.

२९ सप्टेंबर, सोमवार

चार दिवस सलग बरी चालली. विद्यालक्ष्मी अजूनही साडेसातला वही घेऊन येते आणि स्क्रिप्टनं केलेलं सगळं तपासून टिक करते. दोनदा काहीतरी बदललंन म्हणे. मी पाहिलं नाही. खाई त्याला खवखवे.

उद्या आयुधपूजा. मग बुध, गुरू सुट्टी. सुतारानं पटाशी, ड्रायव्हरनं ट्रक, कारकुनानं पेन, जे काही हत्यार असेल ते धुऊन पुसून पूजेला ठेवायचं आणि विजयादशमीपर्यंत हात लावायचा नाही. इथे कॉम्प्युटरलाही गंध लावतात. एकविसावं शतक.

३० सप्टेंबर, मंगळवार. संध्याकाळ

पूजा झाली. गेटवर कोहळा फोडला, चुरमुरे-डाळं आणि चण्यांचं सुंडल वाटलं. माझ्या मॉनिटरला चंदन-कुंकू. लेबल प्रिंटरवर शेवंतीची हातभर माळ. विद्यालक्ष्मीनं ती लांबट वही आणि पेन सरस्वतीपुढे ठेवलं, जणू वेदच.

मग गेटही सांभाळणारा इलेक्ट्रिशियन सुब्बा एकेक स्विच बंद करत आला. माझ्या टेबलाशी थांबून म्हणाला, सार, पूजा, ऑफ पण्णणुम. बंद करायलाच हवं म्हणे. मी म्हणालो, वेण्डाम. नको. पुन्हा म्हणाला, ऑफ पण्णणुम सार, यंत्रालाही एक दिवस विश्रांती लागते. विद्यालक्ष्मीही तेच म्हणाली, शिवाय मशीनच्या कॅलेंडरमध्ये तिनं दोन दिवस सुट्टी मांडून ठेवली आहे म्हणाली. मी स्पष्ट सांगितलं, मशीन आणि प्रिंटर दोन्ही माझ्या जबाबदारीवर चालू राहतील. वाटल्यास लिहून देतो. सुब्बानं कागद पुढे केला. मी लिहून दिलं.

सगळे देवाला हात जोडून बसतील तेव्हा साडेसातला आपोआप सुरू व्हायला लावलेली एकटी माझी स्क्रिप्ट काम करत असेल. शुक्रवारी रावांना हेच दाखवायचं.

१ ऑक्टोबर, बुधवार. सकाळी ११, घरी

माल निघाल्याच्या मेलची एक प्रत मला येते. सकाळपासून त्रेचाळीस आल्या. सुट्टीच्या दिवशी त्रेचाळीस वेळा यश. सुष्मिता म्हणाली, पण आज फॅक्टरी बंद आहे ना? मग कुठला माल? शिक्षिकांना हे समजत नाही. घरच्या लॅपटॉपला तिनं कुंकू लावलं, मी पुसलं.

२ ऑक्टोबर, गुरुवार. सकाळी १०

३१९. कस्टमरच्या माणसाचे चार मिस्ड कॉल. अभिनंदन शुक्रवारी स्वीकारू.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

थोडक्यात लिहितो.

ऑफिसचं दार उघडेना. आतून लेबलं अडली होती. दोन हजारांचा अख्खा रोल जमिनीवर. रोल संपल्यावर प्रिंटरनं वरची शेवंतीची माळ आत ओढून घेतली होती. आत पाकळ्यांचा लगदा, वर कुंकू. तो प्रिंटर मेला.

झालं असं की सुट्टी असल्यामुळे ऑर्डर आली नाही. मग दर पाच मिनिटांनी नऊच्या नऊ कमांडा पुन्हा. मशीननं दर वेळी विचारलं, आज कॅलेंडरमध्ये सुट्टी आहे, तरी पुढे जाऊ का? स्क्रिप्टनं दर वेळी सांगितलं, वाय. म्हणजे स्क्रिप्टनं सांगितलं तसंच केलं. ही बाजू कोणी लक्षात घेत नाही.

मेल एकूण ५७७. कस्टमरचा कॉम्प्युटर त्या मेल स्वतःच वाचतो आणि स्टॉकमध्ये मांडतो. त्याच्या हिशोबानं ५७७ ट्रक गास्केटं निघाली. जवळजवळ दोन वर्षांची. म्हणून आज सकाळी त्यांची नवी ऑर्डर आली ती अशी : शून्य.

प्लांटमध्ये दोनशे माणसं प्रेससमोर हात बांधून उभी होती. राव माझ्याकडे बघून फक्त म्हणाले, सार्‍या प्लांटाला रजा दिलीत हो तुम्ही. ओरडले असते तर बरं झालं असतं.

सुब्बाकडचा तो कागद रावांच्या टेबलावर होता.

४ ऑक्टोबर, शनिवार

राव आणि विद्यालक्ष्मी ओरगडमला गेले. मी म्हणालो, मी येतो, मीच नीट समजावू शकेन. रावांनी व्हॅनचं दार लावलं.

दुपारी फोनवरून कळलं. कस्टमरचा स्टोअरचा माणूस म्हणत होता, तुमच्या मेलवर आता विश्वास कसा ठेवायचा, खरे ट्रक किती आणि खोटे किती? विद्यालक्ष्मीनं चंदन लागलेली ती वही त्याच्यापुढे ठेवली. सहा वर्षांच्या टिका, प्रत्येकीशेजारी वेळ आणि इनिशियल. शेवटची टिक ३० सप्टेंबर, सकाळी ८.३८. त्यानं तीन-चार तारखा त्याच्या रजिस्टरशी ताडून पाहिल्या, सगळ्या जुळल्या, आणि ५७७ ट्रक कागदावरून पुसून टाकले. सोमवारपासून ऑर्डर पुन्हा चालू.

माणसाच्या हस्ताक्षरावर अजून एवढा विश्वास. हा देश पुढे कसा जाणार?

६ ऑक्टोबर, सोमवार. संध्याकाळ

आजचं लिहावं की नाही ते कळत नाही.

रावांनी विद्यालक्ष्मीला माझी स्क्रिप्ट तपासायला सांगितलं. मला शेजारी बसवलं. ती एकेक ओळ वरून खाली वाचत आली. ओळ तीनला थांबली. स्पष्ट, सावकाश वाचलं : हे काम एक बाई पंधरा मिनिटं चघळते. मग मला विचारलं, ही ओळ कांहीं काम करते काय? मी म्हणालो, नाही. तिनं ती पुसली. ओळ पाच वाचली, रावांबद्दलची. राव समोरच होते. ही करते काय? नाही. पुसली. ओळ सात. वाचली. ही? मी मान हलवली. ती पुसायला तिनं जरा वेळ घेतला.

मग मराठीत म्हणाली, रावांच्या मराठीत, पेटीतल्या. आमच्या घरांत हेंच बोलतात. बाबांचें नांव प्राणेश राव, तंजावूर. देवनागरी मज वाचतां येत नाहीं, तुम्ही इंग्रजी अक्षरांत लिहिलेंत म्हणून बरें झालें. बोललेलें तर सहा वर्षें ऐकतेंच आहें. श्राद्धाचें पण ऐकलें.

मी विचारलं, मग कधी बोलला का नाहीत? पहिल्यांदाच अहो-जाहो केलं, तेही उशिरा लक्षात आलं. म्हणाली, तुम्ही कधीं कांहीं विचारलें होतें काय सार?

लाज वाटली. पाच मिनिटं फार वाटली, कानापर्यंत. मग राग आला. राग बरा, त्याची सवय आहे. रावांना हे पहिल्यापासून माहीत होतं आणि त्यांनी सांगितलं नाही. हा सरळ सरळ कट आहे. तंजावूरकरांचा.

तिनं एमसीए केलंय. तेही मी विचारलं नव्हतं.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

रावांनी नाव पाठवलं. पी. विद्यालक्ष्मी.

हरकत नाही. तिची नेमणूक ज्या स्क्रिप्टमुळे झाली ती मूळ माझी. अकरा ओळींतल्या दोन अजून तशाच आहेत, मी मोजल्या. कष्ट माझे आणि ही आयत्या बिळावर नागोबा. इतिहास याची नोंद घेईल, म्हणजे ही वही.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

तिनं स्क्रिप्ट नव्यानं लिहिली. नऊही कमांडांपुढे check=True. प्रत्येकीची वाट बघते, उत्तर वाचते, काही अडलं की तिथेच थांबून गिंडीला कळवते. जिथे मशीन वाय की एन विचारतं तिथे माणसालाच विचारते. एकूण वेळ अकरा मिनिटं. माझी चाळीस सेकंद होती. पण वेगाची कदर कोणाला आहे.

ती आता गिंडीहून सगळं बघणार. डिस्पॅच ऑफिसात टेबलांची गरज उरली नाही, म्हणून दोन्ही उचलली. तिचं गिंडीला गेलं. माझं गेट केबिनमध्ये, सुब्बाच्या स्टुलाशेजारी. माझी स्लाइड खरी ठरली. माणसं, शून्य.

घरी सुष्मिता म्हणाली, गिंडीला बदली झाली म्हणून घर शोधत आलेल्या तुमच्या त्या विद्यालक्ष्मीला आपल्याच गल्लीत घर बघून दिलं, किती गोड जुनी मराठी बोलते. ती आता साडेआठला घरून निघेल. मी पाचला.

२७ ऑक्टोबर, सोमवार

नवी जबाबदारी. महत्त्वाची. स्क्रिप्टमध्ये आता दहा कमांडा आहेत, आणि दहावी मी आहे.

नऊ झाल्या की नऊ पाचला माझ्या मोबाइलवर प्रश्न येतो : ट्रक पाहिला? वाय की एन. मी गेटवर ट्रक बघायचा, वाय दाबायचा, रजिस्टरवर सही करायची. मला साठ सेकंद दिलेली आहेत. स्क्रिप्ट तेवढा वेळ माझ्यासाठी उभी राहते. या प्लांटमध्ये माझ्यासाठी कोणी साठ सेकंद उभं राहिल्याचं आठवत नाही.

गुपचूप स्क्रिप्ट उघडून माझी ओळ पाहिली. बाकी नवांपुढे check=True आहे. माझ्यापुढे check=False. प्रत्येक कमांडला तपासतात, फक्त मला तपासत नाहीत. हा विश्वासाचा भाग आहे. तिला शेवटी पश्चात्ताप झाला असणार.

उद्या एक छोटा प्रयोग करायचा. वाय दाबायचाच नाही. माझ्यावाचून सगळं अडतं हे एकदा गिंडीला कळलं की पुढचं बोलणं सोपं जाईल. तिचा फोन आला तर लगेच उचलायचा नाही. तिसऱ्या रिंगला.

२८ ऑक्टोबर, मंगळवार. सकाळी ९.२५, गेट केबिन

नऊ पाचला प्रश्न आला. मोबाइल स्टुलावर ठेवला आणि हात मागे बांधले. सुब्बानं मोबाइलकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

साठ सेकंद मोजली. स्क्रीनवर आपोआप अक्षरं आली : उत्तर नाही, पुढे.

सुब्बानं गेटचा बार वर केला. ट्रक नऊ दहाला निघाला. ड्रायव्हरनं रोजच्यासारखा हात केला.

मास्तरनं दिलेलं उदाहरण आठवलं. काम संपल्यावर टिंग असा आवाज करणारी कमांड.

दहा मिनिटं फोनची वाट पाहिली. आला नाही. सुब्बानं रजिस्टर पुढे सरकवलं, मी सही केली. ट्रक तोवर कवरैपेट्टैच्या पुढे गेला असेल.